ओठावरचा फोड आणि चौदा दिवसांचा हिशेब

आमच्या होस्टेलवर कोणत्याही दुखण्यावर तीन औषधं चालतात. पहिलं क्रोसिन, दुसरं व्हिक्स आणि तिसरं, सगळ्यात लोकप्रिय, "जाऊ दे रे, होईल बरं." पहिल्या दोघांना एक्सपायरी डेट असते. तिसऱ्याला नसते, आणि खरी गोची तिथेच आहे.

मॅगझिनच्या मराठी विभागात दर वर्षी पाऊस, आई आणि मैत्री यांच्यावर भरपूर येतं. ओठांवरही कविता येतात. पण त्या कवितांमधल्या ओठांना कधी फोड येत नाही. आपल्या ओठांना येतो, आणि तोही बरोबर सबमिशनच्या आठवड्यात. म्हणून या वेळी ठरवलं की ओठांवर लिहायचं, पण गद्यात.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. तिथे ओठावर काहीही झालं तरी एकच इंग्रजी शब्द होता, 'सोअर'. घरी आजीकडे मात्र शब्दच शब्द: ओठ फुटणं, कोपरे फाटणं, तोंड येणं, तापाचा फोड उठणं, चट्टा पडणं. मला आधी वाटायचं की ही सगळी एकाच गोष्टीची नावं आहेत. नंतर कळलं की आजीचं बरोबर आहे. ही पाच वेगवेगळी दुखणी आहेत, त्यांची कारणं वेगळी आणि औषधंही वेगळी. माझी एक मावसबहीण सांगलीत बीडीएस करते. तिला फोनवर पिडून पिडून जे समजून घेतलं, ते इथे आपल्या भाषेत मांडतोय.

ओठ नावाचं मटेरियल

ओठाचा जो लालसर भाग असतो, तिथली कातडी अंगावरच्या इतर कातडीपेक्षा फार पातळ असते. खालच्या रक्तवाहिन्या दिसतात म्हणून तो लाल दिसतो. तिथे घामाच्या ग्रंथी नाहीत, तेल सोडणाऱ्या ग्रंथीही जवळजवळ नाहीत. म्हणजे ऑइलिंगची सोय नसलेलं बेअरिंग, आणि ते दिवसभर चालू. बोलणं, खाणं, चहा, कॅन्टीनची झणझणीत मिसळ, वर ऊन आणि वारा.

ओठ सुकला की आपण जीभ फिरवतो. क्षणभर बरं वाटतं. पण लाळ वाळताना ओठातला ओलावाही घेऊन जाते, आणि लाळेतले पाचक रस त्या पातळ कातडीला आणखी त्रास देतात. ओठ पुन्हा सुकतो, आपण पुन्हा चाटतो. कंट्रोल सिस्टिमवाल्यांसाठी सांगायचं तर हा पॉझिटिव्ह फीडबॅक आहे. थांबायचं असेल तर लूप तोडायचा, म्हणजे चाटणं बंद करायचं आणि साधी व्हॅसलीन किंवा घरचं साजूक तूप लावायचं. निम्म्या हॉस्टेलाइट्सचे फुटलेले ओठ एवढ्यावरच बरे होतात.

बहुतेक वेळा काय असतं

एक, तापाचा फोड. ओठाच्या कडेला आधी चुणचुण होते, मग पाण्याने भरलेले बारीक फोड झुबक्याने येतात, फुटतात, खपली धरते. आमची आजी म्हणते, "कोळी मुतला असंल." बिचाऱ्या कोळ्याचा काही संबंध नसतो. हे काम हर्पीस सिम्प्लेक्स या विषाणूचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या सुमारे दोन तृतीयांश माणसांच्या शरीरात याचा पहिला प्रकार असतो. लागण बहुधा लहानपणीच होते आणि मग तो चेहऱ्याच्या नसेच्या मुळाशी दबा धरून बसतो. ताप, जागरण, कडक ऊन, परीक्षेचं टेन्शन असं काही झालं की नसेवरून पुन्हा ओठावर उतरतो. म्हणून तो दर वेळी साधारण त्याच जागी उठतो, आणि म्हणूनच सबमिशनच्या आठवड्यात भेटतो. आठ-दहा दिवसांत आपोआप जातो. अ‍ॅसायक्लोव्हिर नावाचं औषध आहे. ज्या संशोधनातून ते आलं त्यात गरट्रूड एलियन या बाईंचा मोठा वाटा होता, आणि त्यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. पण ते चुणचुण सुरू होताच घेतलं तरच उपयोग. खपली धरल्यावर लावणं म्हणजे पेपर संपल्यावर पुरवणी मागणं.

हा फोड संसर्गजन्य असतो. फोड असेपर्यंत एका बाटलीला सगळ्यांनी तोंड लावणं, एकच टॉवेल, एकच रेझर हे बंद. फोडाला हात लावून तोच हात डोळ्याला लावू नये. आणि सुट्टीत घरी गेल्यावर ताईच्या नव्या बाळाचा पापा घेऊ नये. तान्ह्या बाळाला हा विषाणू जिवावर बेतू शकतो.

दोन, ओठांचे कोपरे फाटणं. मशीन डिझाइनमध्ये शिकलो की कोपऱ्यात स्ट्रेस साठतो आणि क्रॅक तिथूनच सुरू होतो. तोंडाचंही तसंच. जांभई दिली की कोपरा पुन्हा उकलतो. पण मूळ कारण बहुधा बुरशी, रक्तातलं लोह कमी किंवा बी गटातली जीवनसत्त्वं कमी. मेसची पातळ आमटी आणि भात यावर दिवस काढणाऱ्यांनी दूध, दही, अंडी, मोडाची कडधान्यं, पालेभाजी वाढवावी. बी-कॉम्प्लेक्सची गोळी सगळेच घेतात, पण कारण बुरशी असेल तर ती गोळी काही करत नाही.

तीन, आतल्या बाजूचं तोंड येणं. पिवळट-पांढरा गोल चट्टा, भोवती लाल कड, आणि मीठ लागलं की डोळ्यांतून पाणी. हेही एक-दोन आठवड्यांत जातं.

चार, सतत घासणारं काहीतरी. तुटलेला दात, ब्रेसेसची तार, ओठ चावायची सवय, कधी नवी टूथपेस्ट किंवा लिपस्टिक. ते काढलं की जखम भरते.

मग चौदा दिवस कशाला?

कारण ओठाची कातडी स्वतःला भरून काढण्यात हुशार असते. साधी जखम असेल आणि तिला त्रास देणारी गोष्ट थांबली असेल, तर साधारण दोन आठवड्यांत ती भरते. नाही भरली, तर दोनच शक्यता. एक तर त्रास देणारी गोष्ट अजून चालू आहे, नाहीतर तिथल्या पेशीच बदलल्या आहेत. यातलं कुठलं, हे आरशात बघून कळत नाही. त्यासाठी डॉक्टर लागतो.

या लेखात लक्षात ठेवायची गोष्ट एकच आहे. फोड कसा दिसतो, किती दुखतो यावर जाऊ नका. दिवस मोजा. आपण नेमकं उलटं करतो. दुखतंय म्हणून धावतो आणि दुखत नाही म्हणून सोडून देतो. तापाचा फोड जाम दुखतो आणि निरुपद्रवी असतो. ओठाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही. उपदंश म्हणजे जुन्या भाषेत गरमी, तिचा पहिला व्रण ओठावर येऊ शकतो, तोही दुखत नाही आणि काही आठवड्यांनी आपोआप नाहीसाही होतो. रोग मात्र आतच राहतो. लाजेपोटी कोणी बोलत नाही म्हणून हे मुद्दाम लिहिलं. साधी रक्ततपासणी असते आणि पेनिसिलिनने तो बरा होतो.

मेसचे मामा

आमच्या मेसमध्ये एक मामा आहेत. त्यांना विचारूनच हे लिहितोय. म्हणाले, "नाव नको, बाकी लिही." वय पन्नाशीचं, गाव सीमेपलीकडचं, त्यामुळे मराठीत कानडी हेल. तळहातावर तंबाखू, त्यावर चुना, अंगठ्याने मळायचं, दोन टाळ्या मारायच्या आणि चिमूट खालच्या ओठात. दिवसातून दहा-बारा वेळा, तीसेक वर्षं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीहून परत आलो तेव्हा त्यांच्या खालच्या ओठावर, डाव्या बाजूला, ज्वारीच्या दाण्याएवढी खपली दिसली. मुलांनी आपापली प्रिस्क्रिप्शनं दिली. कोणी व्हॅसलीन, कोणी हळद. मेडिकलच्या दुकानातून एक मलमही आलं. खपली पडायची, खालून किंचित रक्त यायचं, पुन्हा खपली. नाताळ आला तरी तेच चाललं होतं. विचारलं तर म्हणायचे, "काय दुखत न्हाई बघ. दुखाय लागलं की जाऊ."

ताईला फोनवर हे सांगितलं. तिने दोनच प्रश्न विचारले. किती दिवस झाले? आणि बोटांच्या चिमटीत धरलं तर कडक लागतं का? मी म्हणालो, दीड महिना, आणि हो. ती म्हणाली, "उद्याच ने."

शनिवारी सकाळी बाइकवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. रस्त्यात मामा एकच गोष्ट परत परत बोलत होते, "सुई लावली की पसरतंय म्हणत्यात." हा समज आपल्या भागात घट्ट बसलाय. तिथल्या डॉक्टरांनी तो शांतपणे सोडवला. बायोप्सी म्हणजे जागा बधिर करून कडेचा छोटा तुकडा काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. त्याने रोग पसरत नाही. रोग पसरतो तो तपासणी टाळलेल्या महिन्यांमध्ये. मामांचं पाच-दहा मिनिटांत झालं, दोन टाके पडले, संध्याकाळच्या चपात्यांना ते हजर होते.

रिपोर्ट कर्करोगाचा आला. पण जागा लहान होती, दोन सेंटिमीटरच्या आत, मानेत गाठ नव्हती. खालच्या ओठाचा इंग्रजी व्ही आकाराचा तुकडा काढला आणि दोन्ही कडा शिवल्या. ओठाचा एक तृतीयांशापर्यंतचा भाग असा काढून जोडता येतो. मामांचं तोंड आता थोडं लहान दिसतं, शिट्टी नीट वाजत नाही. दर काही आठवड्यांनी दाखवायला जावं लागतं. तंबाखू सुटली म्हणतात. एकदा-दोनदा मोह झाला हेही सांगतात. मेसचा मेनू मात्र काही सुधारलेला नाही.

तंबाखू, चुना आणि फर्स्ट इयरची केमिस्ट्री

चुना कशाला लागतो? निकोटीन हा अल्कली स्वभावाचा पदार्थ आहे. पीएच साधारण आठच्या वर गेला की त्याचा मोठा भाग मुक्त स्वरूपात येतो आणि तोंडाच्या कातडीतून झटकन रक्तात शिरतो. चुना पीएच वाढवतो, म्हणून 'किक' बसते. त्याच वेळी चुना ती जागा भाजून काढतो, आणि तंबाखूतले नायट्रोसमाइन्स नावाचे कर्करोगकारक पदार्थ त्या दुखावलेल्या जागेवरच तासन् तास बसून राहतात. डिफ्यूजनचं गणित ज्याने केलंय त्याला यापुढे सांगायला नको.

"मी तंबाखू नाही खात, नुसती सुपारी" असं म्हणणारे आमच्या विंगमध्ये पुष्कळ आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं. सुपारीने तोंडाची आतली कातडी हळूहळू आखडते आणि तोंड उघडेनासं होतं. आत्ता, वाचता वाचता, स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर दाखवून घ्या.

आणि मिश्री? तव्यावर भाजलेली तंबाखूच ती. आपल्याकडच्या कित्येक आज्या आणि काकू ती दातांना 'लावतात', खात नाहीत, म्हणून कोणी त्याला व्यसन म्हणत नाही. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या प्रौढांना, म्हणजे २४.४ टक्क्यांना, धूर न काढणाऱ्या तंबाखूची सवय आढळली. सिगारेट-बिडीचं प्रमाण होतं ३.८ टक्के. म्हणजे आपला खरा शत्रू धुराचा नाही, पुडीचा आहे. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, पुड्यांवर भयानक चित्रं आली. चित्रं बघूनही पुडी फाडणारा हात मी रोज बघतो.

तंबाखूशिवायही एक कारण आहे, ते म्हणजे ऊन. खालचा ओठ वर तोंड करून असतो, म्हणून ऊन त्यालाच जास्त लागतं. द्राक्षबागेत, उसात, बांधकामावर वर्षानुवर्षं राबणाऱ्यांचा खालचा ओठ कोरडा, फिकट, खरखरीत होतो, कातडी आणि ओठ यांच्यामधली रेघ पुसट होते. ही कर्करोगाच्या आधीची पायरी असू शकते. सिव्हिलवाल्यांनो, सर्व्हे कॅम्पला कडेची टोपी घाला. स्टाइल मारायला नंतर वेळ आहे.

मिरजेत राहून

आपण राहतो ते गाव कोणतं याचा जरा विचार करा. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी इथे मिशनचं हॉस्पिटल उघडलं. त्यांच्याच नावाने वानलेसवाडी आहे. १९६२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आलं. कर्करोगाचं स्वतंत्र रुग्णालय इथे आहे, सांगलीत डेंटल कॉलेजं आहेत. बेळगावकडून, पंढरपूरकडून, कोल्हापूरकडून माणसं मिरज जंक्शनवर उतरतात ती हातात एक्स-रेची पिशवी घेऊन. आणि आपण, ज्यांना रिक्षाचेसुद्धा पैसे लागत नाहीत, ते दोन महिने व्हॅसलीन लावत बसतो.

हे फक्त गरिबांचं, अडाण्यांचं दुखणं आहे असंही नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या तासगावचे आर. आर. आबा, राज्याचे गृहमंत्री राहिलेले, १६ फेब्रुवारी २०१५ ला तोंडाच्या कर्करोगाने गेले. वय अवघं ५७. शरद पवारांवर २००४ मध्ये याच रोगाची शस्त्रक्रिया झाली, आणि तंबाखू-सुपारीच्या सवयीबद्दल त्यांनी नंतर जाहीर कार्यक्रमांत स्वतः खंत व्यक्त केली. लवकर सापडलेला ओठाचा कर्करोग बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. ओठ तर समोरच असतो, यकृतासारखा आत लपलेला नाही. तरी आपल्या देशात तोंडाच्या कर्करोगाचे बहुतांश रुग्ण उशिरा पोचतात. दिसत होतं, पण दुखत नव्हतं.

तर करायचं काय

१. फोड किंवा चीर दिसली की मोबाइलवर तारखेसह फोटो काढा. "परवाच आलंय" असं आपण महिनाभर म्हणत असतो. फोटो खोटं बोलत नाही.

२. चौदा दिवस साधी काळजी घ्या. ओठ चाटू नका, खपली उपटू नका, तिखट आणि खूप गरम टाळा, व्हॅसलीन किंवा तूप लावा. चुना, टूथपेस्ट, मीठ चोळणं नको. सांगलीची हळद जगात भारी, पण ती भाजीत. जखमेवर लावली की रंग झाकला जातो आणि डॉक्टरला काही दिसत नाही.

३. दुकानदाराने दिलेलं तीन-चार औषधांचं मिश्र मलम लावू नका. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. विषाणूचा फोड त्याने चिघळतो, आणि गंभीर जखम काही दिवस उगाच बरी वाटते.

४. पंधराव्या दिवशी जखम असेल तर डेंटल कॉलेज किंवा सरकारी दवाखान्याचा रस्ता धरा. पांढरा किंवा लाल न जाणारा डाग, कडकपणा, सारखं रक्त येणं, ओठ बधिर होणं, मानेत गाठ, यातलं काही असेल तर पंधराव्या दिवसाचीही वाट बघू नका. मधुमेह असेल किंवा फोड डोळ्याजवळ गेला असेल तरी लगेच.

५. महिन्यातून एकदा दाढी करताना किंवा वेणी घालताना खालचा ओठ उलटा करून बघा. घरी गेलात की मिश्री लावणाऱ्या आजीचाही बघा. तिला वाटेल नातू वेडा झाला. वाटू दे.

६. तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा मोफत नंबर आहे. पुडीवरच छापलेला असतो, चित्राच्या जवळ, जिथे आपण बघत नाही.

७. पैशाची भीती असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. रेशन कार्ड, आधार कार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात चौकशी करा.

शेवटचं, होस्टेल स्टाफसाठी आणि त्यांच्याशी रोज बोलणाऱ्या आपल्यासाठी. वॉचमनकाका, सफाईच्या मावशी, मेसमधली मंडळी यांच्या ओठाकडे आपल्याशिवाय कोण बघणार? त्यांची सुट्टी कापली जाते, म्हणून ते दवाखान्यात जात नाहीत. रेक्टर सरांनी अशा अर्ध्या दिवसाची पगारी सुट्टी द्यावी अशी या पानावरून विनंती करतो. आणि मुलांनो, आपल्याकडे शनिवार मोकळा असतो, बाइक असते, पेट्रोल कॉन्ट्रीब्यूशनने येतं.

ओरलला आपण सगळेच घाबरतो. ही एक ओरल मात्र अशी आहे की तिला लवकर गेलेलाच पास होतो.